आतून धुतलेलं भांडं

बंगळूरात व्हाइटफील्डच्या रस्त्यावर परवा आमची गाडी नेहमीसारखी अडकली. खिडकीबाहेर पाहिलं तर फुटपाथभर कोहळे. अंगावर पांढरी भुकटी धरलेले, एकावर एक रचलेले, शेजारी केळीचे खुंट, आंब्याच्या डहाळ्या आणि हातावर मोजून विकल्या जाणाऱ्या शेवंतीच्या माळा. दसरा आला हे मला दरवर्षी असं रस्त्यावरच कळतं. इथं नवमीला आयुधपूजा असते. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, रिक्षा, बस, छापखाना, ज्याचं पोट ज्या वस्तूवर त्यानं त्या दिवशी ती पुसून, हळदकुंकू लावून, तिच्यासमोर कोहळा फोडायचा. आमच्या कंपनीत सर्व्हरची पूजा होते. आमच्या गटात पुण्याची, नागपूरची बरीच मुलं आहेत. त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅम, सर्व्हरला कुंकू लावलं तर वॉरंटी जाते का हो?"

"वॉरंटी जात नाही," मी म्हटलं. "फक्त आतून धुऊ नकोस."

सगळी हसली. मीही हसले. त्यांना वाटलं, बाईंचा नेहमीचा विनोद.

नव्वदच्या दशकातला बंगळूरचा ऑक्टोबर आठवला की आधी अंगावर हवा येते. सकाळी स्वेटर घालावा की नाही अशी हवा. पाऊस संपत आलेला असायचा, पण जाता जाता एखाद्या संध्याकाळी परत येऊन दोन तास धिंगाणा घालून जायचा. मी साताऱ्याहून पीएच.डी.साठी आले होते आणि यशवंतपूरला काका-काकूंकडे राहत होते. काका एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. वीस वर्षांत काकूची मराठी अर्धी कन्नड झाली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. नवरात्रात घटाशेजारी तिनं शेजारणींसारख्या बाहुल्याही मांडायला सुरुवात केली होती, तीन पायऱ्या. घरातून निघालं की घाऊक बाजारातल्या कांद्याच्या पोत्यांचा वास, मग मालगाडीची शिट्टी, मग बस, आणि बस हेब्बाळच्या तळ्याकडे वळली की एकदम मोकळं आकाश. तिथून पुढं थोड्याच अंतरावर आमची संशोधन संस्था होती. आज त्या वाटेवर आकाश शोधावं लागतं, पण मी उसासे टाकणाऱ्यांतली नाही. शहरं वाढतात. मीही त्याच शहरात वाढले.

मी काय करत होते ते सांगते. दोन वायू एकमेकांना भेटले की किती वेगानं बदलतात, किंवा एकच वायू तापला की किती वेगानं मोडतो, एवढंच मोजत होते. साताऱ्याच्या कॉलेजात आमचे एक सर म्हणायचे, द्रावणातली रासायनिक क्रिया म्हणजे लग्नाचा मांडव, कोण कोणाशी काय बोललं याचा थांग लागत नाही. वायूतली क्रिया म्हणजे मोकळं मैदान. दोघं भेटली, बोलली, संपलं. मला ते मैदान आवडलं. तिथं पाणी नाही, गर्दी नाही, सबबी नाहीत. आकडा येतो तो थेट त्या दोन रेणूंच्या भेटीचा. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

माझं सगळं राज्य एका खोलीत होतं. मध्यभागी भट्टी, भट्टीत नारळाएवढा क्वार्ट्झचा गोळा, गोळ्यातून निघालेली काचेची नळी, तिच्या टोकाला पारा भरलेली दाबाची नळी, आणि कोपऱ्यात दिवसभर ठकठक करणारा पंप. गोळ्यात वायू सोडायचा, स्टॉपवॉच दाबायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला पारा कुठवर चढला ते वहीत लिहायचं. एक प्रयोग दीड तासाचा. तीन वर्षं मी हेच केलं आणि मला एक दिवसही कंटाळा आला नाही. पारा चढताना त्याच्या माथ्यावरचा तो बारीक फुगीरपणा मला आजही डोळे मिटून दिसतो.

आणि आकडा सुरेख आला होता. इतका सुरेख की मी चालताना जमिनीवर टेकत नव्हते. याच क्रियेचा वेग एका परदेशी शास्त्रज्ञानं पूर्वी मोजलेला होता, सगळे तोच वापरत. माझा वेग त्याच्या सव्वापट. मी माझ्या शोधनिबंधात सरळ लिहिलं की जुना आकडा कमी आहे. आमचे राव सर धारवाडकडचे, मराठी त्यांच्या आजोळची. त्यांनी वाचून विचारलं, "म्हाताऱ्याला एकदम चूक म्हणतीस?" मी म्हटलं, चूक आहे तर म्हणायचंच. मी त्या काळी फार शहाणी होते आणि ते लपवायची मला गरज वाटायची नाही. निबंध एका मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला. त्याच्या जोरावर जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं पत्र पाठवलं: निबंध छापून आला की पुढची दोन वर्षं आमच्याकडे या. ते पत्र काकूनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं, हळदीच्या करंड्याखाली.

त्या वर्षीची आयुधपूजा आली. आमच्या संस्थेत ती जोरात व्हायची. आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत झाडलोट. कोणी पंप पुसतोय, कोणी पितळी नळ चिंचेनं घासतोय, गॅलरीत आंब्याची तोरणं. मला घरातलं वळण. आई दसऱ्याला शेवटचा डबासुद्धा काढून घासायची, आणि भांडं आतून धुतलं नाही तर धुतलं काय, असं म्हणायची. मी भट्टी उघडली. गोळा आतून तपकिरी झाला होता, चहाच्या कपाला चढतो तसा थर. तीन वर्षांची मळी. मला लाज वाटली.

गोळा काढायचा म्हणजे काचकाम करणाऱ्या मुनियप्पाअण्णाला बोलवायला हवं. तो पन्नाशीचा होता. नळी ज्योतीत धरून वितळवायचा, कापायचा, जोडायचा, त्याच्या हातची जोड कुठं आहे ते शोधून सापडायची नाही. आमचं बोलणं हिंदी, कन्नड आणि हातवारे यांच्या खिचडीत चालायचं. त्यानं गोळ्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

"अम्मा, पूजेला मशीन वरून पुसतात. पोटातून नाही धूत."

"अण्णा, आत बघा किती घाण आहे."

"असू दे ना. चालतंय ना नीट?"

"काढा हो तुम्ही."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला आणि ज्योत पेटवली.

मी तो गोळा आम्लात भिजत घातला, शुद्ध पाण्यानं सात वेळा विसळला. दुसऱ्या दिवशी पूजेत तो असा लखलखत होता की राव सरांनीही मान डोलावली. भट्टीला कुंकू लागलं, दारात कोहळा फुटला, चुरमुरे आणि बत्ताशांची पुडी घेऊन आम्ही घरी गेलो. मी खूप खूश होते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिला प्रयोग लावला आणि पारा पळत सुटला. वेग दुप्पट. मी हसले, म्हटलं काहीतरी गळतंय. गळत नव्हतं. तापमान तपासलं, बरोबर होतं. वायू पुन्हा शुद्ध केला, पंपाचं तेल बदललं, स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळाशी लावून पाहिलं. आठ दिवस मी त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला, आणि त्याच आठवड्यात नियतकालिकाकडून निबंधाची छापील प्रुफं आली. गुळगुळीत कागदावर माझं नाव, आणि चौथ्या पानावर चौकटीत माझा आकडा. तपासून, सही करून सात दिवसांत परत पाठवायची होती.

मुनियप्पाअण्णा एक नळ दुरुस्त करायला आला तेव्हा मी कपाळाला हात लावून बसले होते. मी त्याला सांगितलं की भट्टी तीच, वायू तोच, आणि आकडा भलताच. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "दोसेकल्लू धुतलं तुम्ही."

दोसेकल्लू म्हणजे डोशाचा बिडाचा तवा. त्याच्या घरी तो कोणी साबणानं धूत नाही. धुतला की डोसा चिकटतो, मग आठवडाभर तेल पाजून तवा पुन्हा मुरवावा लागतो. हे मला कोणी सांगायला नको होतं, आमच्या घरीही घावनाचा तवा असाच होता. मी रसायनशास्त्रात पदव्या घेऊन बसले होते आणि मला ते सुचलं नव्हतं. गोळ्याच्या आतला तो तपकिरी थर घाण नव्हताच. त्यानं भिंत झाकली होती. थर गेला, काच उघडी पडली, आणि वायू मैदानात भेटायचा सोडून भिंतीवर जाऊन मोडू लागला. मी भिंतीचा वेग मोजत होते.

पुढचे चार दिवस मी एकामागून एक प्रयोग लावले. दर प्रयोगाला थोडा थर चढत होता आणि वेग खाली येत होता. शुक्रवारी दुपारी आकडा जुन्या जागी येऊन बसला, अगदी निबंधातला, चौकटीतला. मी वही घेऊन सरांच्या खोलीत धावले.

"आला की गं परत," सर म्हणाले. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. "भांडं मुरलं. झालं. आता सही कर आणि सोमवारी पाठवून टाक."

मी हो म्हटलं. प्रुफं घेऊन टेबलाशी बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि हात पुढं जाईना. एक साधा प्रश्न डोक्यात येऊन बसला होता आणि तो हलायला तयार नव्हता. उघडी भिंत एवढा गोंधळ घालते, तर झाकलेली भिंत पूर्ण गप्प असते असं मला कोणी सांगितलं? गोळा धुतला नसता तर हा प्रश्न मला जन्मात पडला नसता. मी परत सरांकडे गेले.

"सर, मुरलेली भिंत किती बोलते, हे आपण कधी तपासलंच नाही."

"मुरवून घ्यायचं आणि मोजायचं. सगळे असंच करतात की."

"सगळ्यांनी त्या शास्त्रज्ञाला चूक म्हटलेलं नाही. आपण म्हटलंय."

सरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्यात बारीक रेघा भरल्या. मग म्हणाले, "गोळ्यात नळ्यांचे तुकडे भरून बघायला लागणार. भिंत वाढव आणि वेग बघ. पण ते भांडं मुरवायला दोन आठवडे जातील. आणि उलटं निघालं तर तुझी जर्मनी जाईल, कळतंय ना?"

"जाईल," मी म्हटलं. हे मी ठणकावून म्हटलं असं लिहायला बरं वाटतं, पण मी ते टेबलाकडे बघत म्हटलं. मला जर्मनीला जायचं होतं. फार जायचं होतं. मी कपडेसुद्धा मनात भरून ठेवले होते.

"निबंधावर तुझं नाव पहिलं आहे, माझं मागून. तू ठरव," सर म्हणाले. आणि मी ठरवल्यावर त्यांनी स्वतः नियतकालिकाला फॅक्स केला: प्रुफांना उशीर होईल, कारण नंतर कळवतो.

मुनियप्पाअण्णानं दुसरा गोळा घेतला. दोन दिवस स्टुलावर बसून त्यानं क्वार्ट्झच्या नळ्यांचे बोटभर तुकडे कापले, प्रत्येकाची कड ज्योतीत गोल केली आणि गोळा तोंडापर्यंत भरून दिला. "पोट भरलं, अम्मा," तो म्हणाला. "आता विचारा त्याला." दोन आठवडे मी तो गोळा मुरवला. युक्ती अगदी सोपी होती. वायू तेवढाच, तापमान तेच, फक्त भिंत कितीतरी पट जास्त. क्रिया खरोखर मैदानात होत असेल तर भिंत वाढल्यानं तिला काही फरक पडायला नको.

तो दिवस मंगळवार होता. मी वायू सोडला, स्टॉपवॉच दाबलं. पहिलं वाचन. दुसरं. तिसऱ्या वाचनालाच मला कळलं. पारा मला नको तेवढा वर होता; मुरलेली भिंतही बोलत होती. रडू आलं, पण दीड तासाचं काम अर्ध्यावर कसं सोडायचं? म्हणून रडणं पुढं ढकललं. शेवटचं वाचन घेतलं, रेघ मारली, वही मिटली, आणि मग पंपाच्या ठकठकीत मनसोक्त रडले.

घरी आल्यावर काकूनं चेहरा पाहिला. "काय झालं गं? आधी स्वल्प खाऊन घे, मग सांग." मी ताटावर बसून सांगितलं की माझा आकडा चूक आहे, निबंध परत घ्यायचा आहे आणि जर्मनी बहुतेक गेली. काकूला वायू, भिंत यातलं काही कळलं नसणार. ती पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, "यांच्या फॅक्टरीत एक माप चुकलं तर अख्खा माल परत येतो. गिऱ्हाईक परत पाठवतं तेव्हा यांना तोंड दाखवायला लाज वाटते. तुझा तूच परत आणलास. सरी झालं की मग." काकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि म्हणाले, "तपासणीत घेतो तुला." त्या रात्री मला झोप लागली.

निबंध मी परत घेतला. पत्राचा मसुदा सरांनी केला होता, त्यात लिहिलं होतं की उपकरणातील काही मर्यादांमुळे. मी ते खोडलं आणि लिहिलं की आमचा निष्कर्ष चुकीचा आहे. जर्मनीचं उत्तर महिन्याभरानं आलं. सभ्य, दोन ओळींचं. ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली होती. काकूनं करंड्याखालचं पहिलं पत्र काढलं नाही, दुसरं त्याच्यावर ठेवलं.

मग दीड वर्ष. मुनियप्पाअण्णानं मला चार गोळे करून दिले, पहिला कमी भिंतीचा, पुढचा प्रत्येक आधीच्याहून जास्त भिंतीचा. चारही गोळ्यांचे वेग कागदावर मांडले, त्यांच्यातून रेघ ओढली, ती मागं मागं नेली, आणि भिंत नावालाही उरत नाही त्या बिंदूशी जो आकडा निघाला तो त्या शास्त्रज्ञाचा होता. ज्याला मी चूक म्हटलं होतं त्याचा. मी पहिल्यांदा चरफडले. मग मला एकदम त्याच्याबद्दल विलक्षण आपलेपणा वाटला. त्यानंही कुठल्या तरी खोलीत कुठल्या तरी भिंतीशी झुंज घेतली असणार.

जुनाच आकडा पुन्हा मोजणाऱ्या माणसाला परदेशी पत्रं येत नाहीत. मी बंगळूरमध्येच राहिले, काही वर्षं शिकवलं, मग इंजिनांच्या धुराचं गणित करणाऱ्या कंपनीत गेले आणि तिथंच गट सांभाळू लागले. आमच्या संगणकात हजारो क्रियांचे वेग भरलेले आहेत. त्या यादीत एका ओळीवर तो जुना आकडा आहे, आणि त्याच्या पुढं आधार म्हणून दोन निबंध, दुसरा माझा. आमची मुलं एखादा आकडा टाइप करू लागली की मी विचारते, हा कुठल्या भांड्यात मोजला? ती एकमेकांकडे बघतात. मी वैतागवाणी बाई आहे असं त्यांचं मत आहे आणि ते बरोबर आहे. पण माझ्या गटानं दिलेला हिशेब आजवर कोणी परत पाठवलेला नाही, हेही मी सांगून टाकते.

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा मी त्यात एक अख्खं प्रकरण चुकीच्या आकड्यावर लिहिलं: आयुधपूजा, धुलाई, पळालेला पारा, सगळं. सर म्हणाले, "हे काढ की. बरोबरच्या प्रकरणांना जागा पुरत नाही. आणि परीक्षक कडक आहेत." मी म्हटलं, राहू द्या. सरांनी नेहमीप्रमाणे हुं केलं आणि राहू दिलं.

तोंडी परीक्षा मार्चात झाली, पण माझ्या मनात ती त्याच ऑक्टोबरला चिकटलेली आहे. परीक्षक उत्तरेकडचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते झोंबायचं. त्यांच्या हातून दोन जण नापास झालेले आम्हाला माहीत होते. सभागृह भरलेलं होतं. राव सर पहिल्या रांगेत ताठ बसले होते, मुनियप्पाअण्णा इस्त्रीचा शर्ट घालून मागं उभा होता. मी तासभर बोलले. परीक्षक काही लिहीत नव्हते. माझं संपल्यावर त्यांनी प्रबंध उघडला, बरोबरची सगळी प्रकरणं ओलांडून ते चुकीचं प्रकरण काढलं आणि माझ्यादेखत पुन्हा एकदा वाचलं. त्याला त्यांनी पाच मिनिटं घेतली. मग त्यांनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला.

"समजा, तुम्ही हे भांडं धुतलंच नसतं, तर?"

राव सर खोकले. मला ते खोकणं कळत होतं: सांभाळून. पण उत्तर एकच होतं आणि मला ते कधीचं पाठ होतं.

"तर सर, आज मी इथं चुकीच्या आकड्यावर डॉक्टर झाले असते," मी म्हटलं, "आणि सही तुमची असती."

कोणी हसलं नाही. परीक्षकांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चष्मा घातला. मग खिशातून पेन काढून समोरचा फॉर्म ओढून घेतला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.